निवडलेली माती

परवा सकाळी विद्यापीठाच्या फाटकाशी उतरले आणि हुरड्याचा वास आला. रस्त्याच्या कडेला एकाने गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर करून त्यात ज्वारीची कणसं खुपसली होती. तासाला उशीर होत होता, पण त्या वासापुढे माझं शहाणपण कधीच चाललेलं नाही. थांबले. तळहातावर चोळलेले गरम, हिरवे, मऊ दाणे तोंडात टाकले, जिभेला चटका बसला आणि मग पिशवी सांभाळत धावत सुटले. वर्गात पोचले तेव्हा बोटांना राख तशीच होती. मुलांनी ती पाहिली आणि एकमेकांना कोपरं मारली. मीही फार सावरून घेतलं नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असाच पुकारा करतो आणि थंडी अजून तिच्याच पावलांनी येते. आधी पहाटे हातपंपाचा दांडा गार लागायला लागतो, मग ओठ फुटतात, मग पारनेरच्या पठारावर कांद्याच्या लागणीला बाया वाफ्यात वाकतात, आणि एक दिवस ज्वारीचा दाणा दाबला की त्यातलं दूध आटलेलं असतं, पण दाणा अजून टणक झालेला नसतो. तो दिवस हुरड्याचा. हल्ली हायवेला हुरडा पार्ट्यांचे फलक लागतात, बाजा टाकतात, बैलगाडीतून चक्कर मारून आणतात. मारू देत. मला त्यांचा राग येत नाही. फक्त शेंगदाण्याच्या चटणीत साखर घालणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

याच दिवसांत आमची कार्यशाळा असते. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, शाळांमधून तिला 'विद्यापीठाची पाच दिवसांची शाळा' म्हणतात. जिल्हाभरातून नववीतली चाळीस मुलंमुली येतात, वसतिगृहात राहतात, आणि पुढे जाऊन जे विषय शिकता येतात ते एकदा जवळून बघून जातात. अर्थशास्त्र म्हणजे काय, संख्याशास्त्र कशाशी खातात, इतिहासात सनावळीच्या पलीकडे काय असतं. माती हासुद्धा शिकायचा विषय आहे, हे त्यांना माझ्याकडून कळतं. मला ते याच कार्यशाळेत कळलं होतं. तेव्हा मी नववीत होते, आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलले होते.

आमच्या शाळेतून त्या वर्षी मी एकटीच निवडले गेले होते. पत्रात सूचना होत्या: अंथरूण-पांघरूण, वही, आणि आपल्या शेतातली अर्धा किलो माती पिशवीत घालून आणावी. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. दहावीनंतरचा प्रश्न घरात तेव्हाच येऊन बसला होता. जवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स होतं. सायन्स घ्यायचं तर नगरला, वसतिगृहात राहावं लागणार होतं. मला सायन्स हवं होतं, पण का हवं, ते विचारलं की माझी दातखीळ बसायची. नाना काही आडमुठे नव्हते. त्यांना फक्त उत्तर हवं होतं.

“जाऊन ये पाच दिवस,” ते म्हणाले. “मी शेवटच्या दिवशी येतोच हाय. तिथं तुला काय उमगलं आसंल तर नगरचं बघू. न्हाई उमगलं तर जवळचं कॉलेज काय वाईट न्हाई.”

म्हणजे पाच दिवसांवर पुढची सगळी वर्षं टांगली होती. मी वरवर मान डोलावली.

मातीचं काम नानांनी केलं. माळाच्या पट्टीच्या मधोमध कुदळीने उकरून घमेलंभर माती आणून ओट्यावर ठेवली आणि ते लागणीच्या वाफ्यांकडे निघून गेले. आमच्या माळाच्या पट्टीबद्दल सांगायचं तर तिथे माती आहे म्हणजे खड्यांच्या अधेमधे आहे. बोराएवढे, सुपारीएवढे, काही लिंबाएवढे तांबूस खडे, आणि त्यांच्या सांदीसापटीत ती बिचारी. आईने घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन सूप आणि चाळण घेऊन आली. दुपारच्या उन्हात अंगणात बसली आणि तांदळातले खडे निवडावेत तशी ती मातीतले खडे निवडायला लागली. सुपात माती घ्यायची, हलवायची, खडे कडेला आणायचे, मुठीने काढून बाजूला टाकायचे. ढेकळं चिमटीत फोडायची. शेवटी चाळायची. मी म्हणाले की अगं, त्यांनी नुसती माती मागितलीय, असू दे खडे.

“तिथं मोठमोठी मान्सं असत्याल,” आई सुपावरची नजर न काढता म्हणाली. “खड्याची माती नेलीस तर काय म्हंतील, हिच्या आईनं निवडून बी दिली न्हाई.”

मलाही तेच वाटत होतं. आमच्या घरात फुटक्या कानाचा कप पाहुण्यापुढे जात नाही. करपलेली भाकरी घरचं माणूस खातं, टम्म फुगलेली पाहुण्याला. गरिबी म्हणून नव्हे, रीत म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. घमेलंभर ऐवजातून अखेर पिशवीभर माती उरली. मऊ, भुरभुरीत, एकसारखी. हातात घेतली की अभिमान वाटावा अशी. खडे आई ओंजळी-ओंजळीने कुठेतरी घेऊन गेली, मी ते पाहिलंही नाही. माझी ट्रंक भरायची होती.

विद्यापीठाची पहिली आठवण पेरूच्या झाडांची आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेरू, आणि कुणी दगड मारत नव्हतं. दुसरी आठवण प्रयोगशाळेतल्या नळांची, ज्यांच्या तोट्या हंसासारखी मान वाकवून उभ्या होत्या. तिसरी त्या तराजूची. तो काचेच्या पेटीत होता आणि दार उघडं असताना नुसता श्वास सोडला तरी आकडे हलायचे. मी दोनदा मुद्दाम सोडून पाहिला. वसतिगृहातलं पाणी मचूळ होतं, पोहे मात्र झकास. माझ्या एका बाजूला रुबिना होती, भिंगारची. तिचे वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते आणि हे लोक क्वार्टरमध्ये राहत. शेत नाही, अंगणही नाही, म्हणून ती कुंडीतली माती घेऊन आली होती आणि तिच्यात जास्वंदीचं एक मुळकूट तसंच होतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्या बाजूला ऋतुजा, बागायती पट्ट्यातली, कारखान्याच्या गावची. तिची माती काळीभोर, ओलसर, कापली तर वडी पडेल अशी.

“तुमच्याकडे ऊस किती असतो?” ऋतुजाने विचारलं. मनात काही नव्हतं तिच्या. आपल्याकडे जेवलात का विचारतात तसं तिने विचारलं.

मी म्हटलं, कांदा असतो, आणि ज्वारी. ती बरं म्हणाली आणि मला उगाच चप्पल पायाखाली लपवावीशी वाटली.

मातीचे सर आले. त्यांचं खरं नाव आम्ही दुसऱ्या दिवशीच विसरलो, पाचही दिवस ते मातीचे सरच होते. उंच, किडकिडीत, बाह्या दुमडलेल्या, बोलणं हळू. आम्ही आपापली माती पत्र्याच्या ताटात ओतली होती. ते एकेका ताटापाशी थांबायचे, मातीतून बोटं फिरवायचे, गाव विचारायचे आणि मोठ्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायचे. माझ्या ताटापाशी त्यांची बोटं जरा जास्त वेळ फिरली.

“पारनेरचं पठार ना? खडे कुठे गेले?”

ऋतुजा बघत होती. मी म्हणाले, “आमच्या रानात खडे नाहीत, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, शंकेनेही नाही, नुसतंच. मग रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढच्या रकान्यात लिहिलं: खडे नाहीत. मला ते समोरून उलटं दिसत असूनही वाचता आलं. तोंडातून गेलेलं खोटं हवेत विरून जातं, पण हे निळ्या शाईत बसलं होतं आणि पुढचे चार दिवस मला तिथूनच दिसत राहिलं.

आता मी रजिस्टरच्या पलीकडे बसते, तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागतो. शिक्षकाला कळतं. कळलं तरी लगेच बोलायचं नसतं, मूल स्वतःच्या पायांनी परत येईल का ते पाहायचं असतं. हा संयम मला फार उशिरा जमला, आणि अजूनही दरवर्षी जमतोच असं नाही.

त्या चार दिवसांतलं इतर कितीतरी आठवतं. गणिताच्या बाईंनी फळ्यावर एकही आकडा न लिहिता तासभर गणित शिकवलं. अर्थशास्त्राचे एक सर आले आणि म्हणाले की जगात कुठेही जा, माणूस आधी भिंत बांधतो, मग दार, मग कुलूप, यालाच मालमत्ता म्हणतात. मागच्या बाकावरून शनिशिंगणापूरकडची एक मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “आमच्या घराला दारच न्हाई, सर. कुत्रं येऊ नये म्हणून फळी लावतो.” सगळे हसले. सर आधी हसले, मग त्यांनी खडू खाली ठेवला आणि तिला पुढे बोलावलं. उरलेला तास तीच बोलली. आम्हाला कुणी असं आधी विचारलंच नव्हतं. शाळेत प्रश्न सरांचे असायचे आणि उत्तरं पुस्तकाची. आपल्या घराची फळी हे कुणाच्या तरी शास्त्राचं उत्तर असू शकतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि माझ्या निळ्या शाईतल्या खोट्याला आणखी एक टोचणी बसली.

मातीच्या तासाला मी खरं तर हुशार ठरत होते. सरांनी माती भिजवून तिची लांब पट्टी काढायला सांगितली. जितकी लांब निघेल तितकी चिकण जास्त. भाकरीचं पीठ मळणाऱ्या मुलीला हे काय सांगायचं. ऋतुजाची पट्टी वीतभर निघाली, माझी बोटभर होऊन तुटली, आणि का तुटली तेही मी सांगितलं. मातीवर पातळ आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसायची, चुनखडी असली की. रुबिनाच्या कुंडीतली काही फसफसली नाही, तेव्हा तिने जास्वंदीचं मुळकूट उचलून त्याच्यावर थेंब टाकून पाहिला. सर तिला काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना ते आवडलं.

मग डब्यांचा प्रयोग. प्रत्येकाने आपली माती एका डब्यात भरली, तिला मोजून सारखंच पाणी दिलं आणि डबे उन्हाच्या खिडकीत ओळीने ठेवले. सकाळ-संध्याकाळ वजन करायचं आणि किती ओल उडाली ते लिहायचं. हे काम मला फार आवडलं. काचेची पेटी, हलके हात, श्वास रोखून धरणं. पण माझा डबा भराभर हलका होत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी माती वर कोरडी फटफटीत, तिसऱ्या दिवशी तिला तडेही गेले. चौथ्या दिवशी माझे आकडे सरांनी वाचले आणि ते माझ्या बाकाशी येऊन बसले.

त्यांनी विचारलं, या रानात काय घेता. म्हटलं, ज्वारी. विहीर? नाही, सर. मग पाणी? पावसाचं, सर, भादव्यातलं. त्यानंतर नाहीच. ते म्हणाले, आणि ज्वारी येते? मी म्हटलं, येते की, यंदाही कमरेच्या वर आलीय, मी निघाले त्या दिवशी कणसं भरत होती.

“मग हे आकडे बघ,” सर म्हणाले. “या मातीत ओल इतकी झरझर उडतेय की कणसं भरायच्या आधी ज्वारी वाळायला हवी. एक तर तुझे आकडे चुकलेत, नाही तर तुझी ज्वारी.”

माझे आकडे चुकले नव्हते. मी तीन-तीनदा वजन केलं होतं. आणि ज्वारी तर मी डोळ्यांनी पाहिली होती, तिच्यात उभी राहून गोफण फिरवली होती. मग मधे चुकलंय ते काय, हे मला सरांच्या आधी ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखाद्या प्रश्नाचं उत्तर इतकं हवंसं वाटत होतं की त्यापुढे लाज छोटी वाटायला लागली. हात दाखवून अवलक्षण होतं, तरी मी उभी राहिले.

“सर, खडे होते. आईनं निवडले.”

ऋतुजा वळून बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी त्या हसणाऱ्याला काही म्हटलं नाही, फक्त सगळ्यांना विचारलं की आणखी कुणाच्या घरी माती निवडली. आधी कुणी हललं नाही. मग शिंगणापूरच्या मुलीने हात वर केला. मग पाथर्डीचा एक, कर्जतचे दोघं, असं करत करत निम्मा वर्ग हात वर करून बसला. एकाच्या आजीने तर पिशवीत घालण्याआधी माती उन्हात वाळवून तिला हळदीकुंकू वाहिलं होतं. सगळ्या जिरायती गावांतल्या आया, एकमेकींना कधी न भेटता, त्याच आठवड्यात सूप घेऊन अंगणात बसल्या होत्या.

सर आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे पितळेच्या चाळण्यांची उतरंड होती. ते जे बोलले ते मी पुढे कितीदा तरी मुलांना सांगितलं आहे. “आम्हीसुद्धा माती चाळतोच. तुमच्या आया करतात तेच करतो. फरक एवढाच की चाळणीवर जे राहतं ते आम्ही फेकत नाही. मोजतो.”

त्यांनी आपला मोबाईल माझ्या हातात दिला. नाना उद्या येणारच होते. मी त्यांना सांगितलं की येताना ते खडे आणा, आईने निवडलेले, सगळे.

“इद्यापीठात दगड आनू?” नानांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी नाना आले आणि त्यांच्यासोबत आईही. हे ठरलेलं नव्हतं. खडे कुठे आहेत ते तिलाच माहीत होतं, आणि ते एवढ्या मोठ्या माणसांनी का मागवले याची धास्तीही तिलाच होती. तिने संक्रांतीसाठी ठेवलेलं लुगडं आधीच नेसून टाकलं होतं. एस.टी.त तिने खड्यांचं गाठोडं खाली ठेवलं नाही, मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरने काय आहे विचारलं तर नानांनी बियाणं सांगितलं. म्हणजे खोटं बोलायची खोड मला कुठून आली तेही त्या दिवशी कळलं.

दालनात पालक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. एकेक मूल आपली माती समजावून सांगत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी आधी डब्याचे आकडे सांगितले, मग म्हणाले की ही माती पूर्ण नाही, आणि आईच्या हातातलं गाठोडं घेऊन ताटात सोडलं. खडखड असा मोठा आवाज झाला. सर पुढे आले. एक खडा उचलून त्यांनी उलटा केला. वरची बाजू कोरडी होती, खालच्या बाजूला काळपट माती चिकटलेली होती, आणि ती ओली होती. त्यांनी दुसरा उचलला. तोही तसाच.

त्यांनी आईला नमस्कार केला आणि हे खडे कुठे ठेवले होते ते विचारलं. आईने नानांकडे पाहिलं. नानांनी भिंतीकडे पाहिलं. शेवटी तिलाच बोलावं लागलं.

“कडीपत्त्याच्या बुडाशी टाकले हुते,” ती म्हणाली. “टाकून काय द्यायचे. बुडाशी दगड आसले की सांडपानी दोन-दोन दीस आटत न्हाई.”

“आणि रानात?”

“रानातले बारके दगड काडायचेच न्हाईत. नांगराला आडवे येत्यात तेवढेच काडायचे. बाकीच्याखाली ओल दडून बसती. माझ्या सासूनं सांगितलं हुतं, रान झाकून ठिवावं.”

सरांनी सगळ्यांकडे वळून सांगितलं की ऊन आणि वारा दगडाच्या खाली पोचत नाहीत म्हणून तिथली ओल उडत नाही, आणि पठारावरची ज्वारी त्या ओलीवर कणीस भरते. हे शिकायला त्यांना काही वर्षं लागली होती, असंही ते म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं, अगदी मनापासून, की एवढं ठाऊक होतं तर पिशवीतले खडे का काढले.

आईला हा प्रश्नच कळला नाही असं तिचा चेहरा सांगत होता. “ते रान हाय,” ती म्हणाली. “ही पाव्हन्याला द्यायची माती.”

कुणी हसलं नाही. ऋतुजाची आई, मोठ्या बागायतदाराची बायको, तिने तेवढी मान हलवली. तिला ते बरोबर वाटलं होतं.

आम्ही वजन केलं. खडे मातीहून जड भरले. सरांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढच्या 'खडे नाहीत' वर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला खरा आकडा लिहिला. मी मनात म्हणत होते की जरा गिचमिड करून खोडा. पण ते म्हणाले, चूक पुसायची नसते, दिसू द्यायची असते, आणि रेघेच्या शेजारी मला सही करायला लावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. ते रजिस्टर अजून आमच्या विभागाच्या कपाटात आहे. मी अधूनमधून काढून बघते, आणि दरवेळी कान गरम होतात.

परत जाताना नगरच्या स्टँडवर आम्ही तिघं चहा प्यायलो. रिकामं फडकं आईने घडी घालून पिशवीत ठेवलं होतं; खडे सरांनी मागून घेतले होते. नानांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि मला सरळ विचारलं.

“मग? उमगलं का काय?”

आणि मला बोलता आलं. मी म्हणाले, आईला जे ठाऊक आहे ते तसं का आहे, ते मला शिकायचंय. एवढंच. पाच दिवसांपूर्वी कुणी मारलं असतं तरी हे वाक्य निघालं नसतं. नानांनी बशी संपवली. मग म्हणाले, “मंग नगरला ऱ्हावंच लागंल.” आई स्टँडच्या फरशीकडे बघत होती आणि मला तेव्हा वाटलं, ती दमली असेल. आज वाटतं, ती विचार करत होती की एवढे शिकलेले सर तिचे दगड घेऊन काय करणार.

नगरला राहिले. मग पुढे, मग आणखी पुढे. वाटेत काही विषयांत आपटलेही, पण का शिकतेय असा प्रश्न मला परत कधी पडला नाही, आणि या एका गोष्टीत मी स्वतःला नशीबवान मानते. रुबिना आता शाळेत शिकवते आणि दरवर्षी कार्यशाळेला दोन मुली पाठवते. त्यातली एक तरी कुंडीतली माती आणतेच.

कार्यशाळेचं पत्र आता मी लिहिते. त्यात मोठ्या अक्षरांत असतं की माती आहे तशीच आणावी, निवडू नये, चाळू नये. तरी दरवर्षी सहा-सात ताटांत ती मऊ, भुरभुरीत, एकसारखी माती असतेच. परवाही होती. हुरड्याची राख लागलेली बोटं मी त्या ताटांमधून फिरवली आणि कुठल्या तरी अंगणातलं सूप मला लख्ख दिसलं. खड्यांचा रकाना मी पहिल्या दिवशी भरत नाही. मोकळा ठेवते. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी उभं राहतंच, आणि त्या क्षणासाठीच मी हे सगळं करते असं म्हटलं तरी चालेल. परवा एका ताटापुढे पाथर्डीची एक सडपातळ मुलगी उभी होती. खडे नाहीत म्हणाली, आणि म्हणताना शेजारणीकडे बघितलं. मी मान डोलावली आणि पुढे गेले.

यंदा मुलांना दाखवायला मला आमच्याच माळाच्या पट्टीतली माती हवी होती. नाना आता फार वाकू शकत नाहीत, तर आईला फोन करून सांगितलं. बजावलं सुद्धा, की निवडत बसू नकोस. ती हो म्हणाली. काल भावाने पिशवी आणून दिली. उघडली तर आत माती, मऊ, भुरभुरीत, एकही खडा नाही. मी डोक्याला हात लावला. इतकी वर्षं झाली, मुलगी याच विषयात डॉक्टर झाली, आणि हिचं सूप काही थांबत नाही.

मग पिशवीच्या तळाला आणखी एक गाठोडं लागलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्याचं, घट्ट बांधलेलं, जड. मी गाठ सोडत होते तेवढ्यात तिचाच फोन आला.

“पोचली का माती?” ती म्हणाली. “खडे येगळे बांधलेत. मोजून घे.”

मी तराजूची काचेची पेटी उघडली आणि मोजून घेतले.